खिंड कोण लढवणार?

अनेकांनी मिळून खेळायच्या ऑनलाइन खेळांत ‘टँक’ नावाची एक भूमिका असते. नाव रणगाड्याचं असलं तरी हा गडी साधा योद्धाच असतो. अंगावर जाड चिलखत, हातात ढाल आणि काम एकच : शत्रूला जे काही मारायचं ते त्याने यालाच मारावं. हा मार खात उभा राहतो, तेवढ्या वेळात मागचे साथीदार बाण, गोळ्या, जादू जे असेल ते चालवून शत्रूला लोळवतात. एखादा वैद्य असतो, तो जखमा भरून काढत राहतो.

गंमत अशी की टँकच्या जागेला माणूसच मिळत नाही. पुण्यात शिकणाऱ्या माझ्या भाच्याने मला हे सगळं समजावून सांगितलं. (आमच्या वाशीमची पोरं बीजीएमआय खेळतात, त्यात टँक नसतो. तिथे ज्याने त्याने आपापलं मरायचं.) ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ २००४ साली आला. त्यात पाच जणांची टोळी बनते : एक टँक, एक वैद्य, तीन मारणारे. म्हणजे पाचांत एकच टँक लागतो. पण २००९ च्या डिसेंबरात कंपनीने अनोळखी खेळाडूंच्या टोळ्या आपोआप जुळवून द्यायला सुरुवात केली, तेव्हा उघडच दिसू लागलं की मारणारे रांगेत ताटकळत बसतात आणि टँक म्हणून नाव दिलं की लगेच बोलावणं येतं. शेवटी २०११ मध्ये कंपनीने ज्या भूमिकेची टंचाई असेल ती पत्करणाऱ्याला वरून बक्षिसाची थैली देणं सुरू केलं. ‘ओव्हरवॉच’ या दुसऱ्या खेळात सहा जणांच्या संघात दोन टँक असत. २०२२ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली तेव्हा संघ पाचांचा झाला आणि टँक एकच उरला. रांगा लांबत होत्या, हे त्यामागचं एक कारण होतं.

का बरं कोणी टँक होत नाही? भाच्याचं उत्तर असं : “मामू, मारणारा चुकला तर कोणाला कळतही नाही. टँक चुकला की सगळे मरतात, आणि मग सगळे त्यालाच शिव्या देतात.” वाट टँकलाच माहीत असावी लागते, कारण पुढे तोच चालतो. खेळाडू पडद्यावर आकडे मांडून बसतात ते कोणी किती मार दिला याचे. किती खाल्ला, याचं कौतुक कोणाला नसतं. आणि मला सगळ्यात मजेशीर वाटलेली गोष्ट म्हणजे दुरुस्तीचा खर्च. मार खाऊन चिलखत झिजतं, ते ज्याचं त्याने पदरच्या पैशाने दुरुस्त करायचं, आणि जाड पत्र्याचं चिलखत दुरुस्तीला सगळ्यात महाग. म्हणजे जिंकलेल्या लुटीत वाटा सर्वांचा सारखा, पण लोहाराचं बिल टँकच्या नावावर.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे पानिपत येत होतं.

मराठीत या भूमिकेला फार चांगला शब्दप्रयोग आहे : खिंड लढवणे. तो आला बाजीप्रभू देशपांड्यांमुळे. १३ जुलै १६६० ला पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना त्यांनी घोडखिंडीत सिद्दी मसूदचं सैन्य अडवून धरलं, शिवाजी महाराज गडावर पोहोचेपर्यंत. हे शाळेतल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. पण त्या प्रसंगात निवड सोपी होती असं मला वाटतं. सोपी म्हणजे प्राण देणं सोपं, असं मला म्हणायचं नाही. खिंड अरुंद होती, राजा समोर होता, काम एका दिवसाचं होतं, आणि आपण मेलो तर कशासाठी मेलो हे उभ्या असलेल्या प्रत्येकाला स्पष्ट होतं. हजारोंची फौज सपाट मैदानावर उभी असते, अर्ध्यांचा धनी एक आणि अर्ध्यांचा दुसरा असतो, तेव्हा कोणी कुठे उभं राहायचं याचा हिशेब वेगळा होतो. तो हिशेब पानिपतावर मांडला गेला.

इब्राहिमखान गारदी हे नाव बहुतेकांना माहीत असतं, पण गारदी म्हणजे काय हे सांगता येत नाही. दक्षिणेत फ्रेंच सेनापती बुसीने निजामाच्या दरबारात राहून देशी शिपायांना युरोपीय पद्धतीची कवायत शिकवली. खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, हुकूम होईपर्यंत बंदूक उडवायची नाही, बाजूचा पडला तर जागा भरून काढायची. फ्रेंच भाषेतल्या पहारेकऱ्याच्या शब्दावरून या पायदळाला गारदी म्हणू लागले. त्यात मुसलमान होते, हिंदू होते, उत्तरेचे होते, तेलंगणातले होते. इब्राहिमखान याच तालमीत तयार झाला. निजामाची चाकरी सुटल्यावर सदाशिवरावभाऊंनी त्याला आपल्याकडे घेतलं. ३ फेब्रुवारी १७६० ला उदगीरला निजामाचा पराभव झाला आणि तहात दौलताबाद, असीरगड, बऱ्हाणपूर, विजापूर असा सुमारे साठ लाखांचा मुलूख पेशव्यांकडे आला. त्यात तोफखान्याचा आणि कवायती पायदळाचा वाटा किती मोठा होता, ते भाऊंनी जवळून पाहिलं. तेच शस्त्र घेऊन ते त्याच वर्षी उत्तरेला निघाले.

आता पगाराचं बघा. गारद्यांना दरमहा रोख पगार लागे. मराठी घोडदळाचं तसं नव्हतं. सरदाराला सरंजाम मिळे, म्हणजे गावांचा वसूल, आणि त्यातून तो आपलं पथक पोसे. स्वारांत दोन प्रकार असत. बारगीर, ज्याचा घोडा सरकारी किंवा सरदाराच्या पागेतला असे, आणि शिलेदार, ज्याचा घोडा आणि हत्यार स्वतःचं असे. शिलेदाराचा घोडा म्हणजे त्याचं शेत, त्याचं दुकान, त्याची नोकरी, सगळं तेच. तो घोडा तोफगोळ्याने पडला तर शिलेदाराची पत गेली. भरपाई कधी मिळे, कधी नाही. अशा माणसाला तुम्ही म्हणालात की जागचा न हलता उभा राहा आणि घोड्यावर गोळे झेल, तर तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील. त्याला भित्रा म्हणणं चुकीचं ठरेल. त्याची सगळी कला वेगाची होती : दिसायचं, मारायचं, नाहीसं व्हायचं, शत्रूची रसद तोडायची. याच कलेवर मराठी फौज नर्मदा ओलांडून अटकेपर्यंत गेली होती.

म्हणून मल्हारराव होळकरांना भाऊंची ‘गोलाची लढाई’ पटत नव्हती, आणि त्यांना दोष देताना आपण थोडं थांबायला हवं. जड तोफा आणि बायकापोरं मागे ठेवा आणि आपल्या पद्धतीने लढा, असा सल्ला भरतपूरच्या सूरजमल जाटानेही दिला होता. भाऊंनी तो मानला नाही. पुढे पानिपतावर दोन-अडीच महिने कोंडी झाली. दाणावैरण संपली, जनावरं मरू लागली. दिल्लीहून येणारा खजिना वाटेतच लुटला गेला. आता गनिमी कावा करायला घोड्यांत त्राण उरलं नव्हतं आणि छावणीत लढणाऱ्यांपेक्षा न लढणारे जास्त होते. तेव्हा इब्राहिमखानाच्या पद्धतीचा एकच मार्ग राहिला. बाहेरून तोफा आणि बंदुका, मध्ये बाजारबुणगे, बायका, यात्रेकरू, आणि हा अख्खा गोल तसाच सरकवत शत्रूच्या फळीतून वाट काढायची.

या योजनेचा सगळा भार एका गोष्टीवर होता. बाहेरच्या कड्याने फुटायचं नाही. म्हणजे सगळ्यांनीच थोडा थोडा वेळ टँक व्हायचं. आणि बाहेरच्या कड्यावर बहुसंख्य लोक असे होते ज्यांनी ते काम कधी केलेलं नव्हतं, ज्यांचा घोडा स्वतःचा होता, आणि ज्यांचे सरदार लढाईनंतरच्या दिवसांचाही विचार करत होते.

१४ जानेवारी १७६१ च्या सकाळचं वर्णन काशिराज नावाच्या माणसाने लिहून ठेवलं आहे. हा दक्षिणी ब्राह्मण, पण नोकरीला अवधच्या शुजाउद्दौल्याकडे, म्हणजे त्या दिवशी अब्दालीच्या बाजूला. पुढे १७८० च्या सुमारास त्याने फारसीत आठवणी लिहिल्या. उर्दू-मराठीचा मास्तर म्हणून मला या माणसाचं फार आकर्षण आहे. घरची भाषा एक, लिहिण्याची दुसरी, अन्न तिसऱ्याचं, आणि तरी शत्रूकडच्या माणसाचं शौर्य नोंदवताना हात आखडता घेत नाही.

काशिराज सांगतो की लढाई सुरू होण्याआधी इब्राहिमखान भाऊंकडे आला आणि पगाराचं बोलला. आम्ही महिन्याच्या महिन्याला पगाराचा आग्रह धरतो म्हणून आपण आमच्यावर बरेच दिवस नाराज आहात. या महिन्यात खजिना लुटला गेला, पगार मिळालेला नाही. तरी हरकत नाही, आजवर घेतलेला पगार आम्ही फुकट घेतला नाही हे आज दाखवून देतो. अशा अर्थाचं तो बोलला आणि निशाण हातात घेऊन आपल्या लोकांच्या पुढे झाला. मी हा प्रसंग जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मला त्यातला त्वेष कमी आणि दुखावलेपण जास्त ऐकू येतं. हा माणूस महिनोन्‌महिने ऐकत आला असणार की गारदी पैशाचे भुकेले, सारखे पगार मागतात. सरंजामाची गावं असलेल्या माणसाला पगार मागावा लागत नाही. ज्याच्याकडे गाव नाही, त्यालाच दर महिन्याला तोंड उघडावं लागतं.

गारदी मराठी फौजेच्या डाव्या बगलेला होते, समोर रोहिले. इब्राहिमखानाने दोन पलटणी बगलेवरचा हल्ला अडवायला वळवून उभ्या केल्या आणि सात पलटणी घेऊन संगिनी रोखून तो रोहिल्यांवर गेला. काशिराजाच्या अंदाजाने रोहिल्यांचे आठ हजारांच्या घरात लोक मेले किंवा जखमी झाले. इब्राहिमखानाच्या सहा पलटणी जवळजवळ संपल्या. त्याला भाल्यांच्या अनेक जखमा झाल्या, एक गोळीही लागली.

घोडदळ त्या वेळी काय करत होतं? इथे दोन हकिकती आहेत. मराठी इतिहासलेखनात वर्षानुवर्षं सांगितलं जातं की गारद्यांच्या माऱ्याने रोहिले मागे हटताना दिसले तेव्हा विठ्ठल शिवदेव विंचूरकर आणि दमाजी गायकवाड यांच्या स्वारांना धीर निघाला नाही. गोल मोडून ते पुढे धावले, आपल्याच तोफांच्या तोंडासमोर आले, तोफा थांबवाव्या लागल्या आणि रोहिल्यांच्या बंदुकांनी स्वारांना मागे पिटाळलं. काशिराज मात्र दमाजी गायकवाड इब्राहिमखानाच्या मदतीला होता आणि जखमी झाला, एवढंच सांगतो. मला दोन्ही एकाच वेळी खरं असायला अडचण दिसत नाही. मदतीला जाणं आणि वेळेआधी जाणं यांत अंतर फार थोडं असतं. शत्रू हटताना दिसला की मारणाऱ्याचा हात शिवशिवतो. भाच्याच्या खेळातही टँकची सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. त्याने शत्रूला नीट स्वतःवर ओढून घेण्याआधीच मागचे उतावळे गोळ्या झाडतात, शत्रू त्यांच्याकडे वळतो, आणि मग सगळंच विस्कटतं.

दुपारनंतर विश्वासराव पडले, भाऊ गर्दीत दिसेनासे झाले, आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. मल्हारराव निघून गेले, विंचूरकर आणि दमाजीही वाचले. घोडा असला की निघता येतं. गारदी पायी होते.

इब्राहिमखान जखमी अवस्थेत शुजाच्या छावणीत सापडला. शुजाने त्याला लपवून वाचवायचा प्रयत्न केला, पण अब्दालीच्या लोकांनी त्याला मागून घेतलं. मुसलमान असून काफिरांच्या बाजूने लढला, हा त्यांचा राग होता. सातव्या दिवशी तो मेला. त्याच्या जखमांवर विष लावलं गेलं असं आपण ऐकल्याचं काशिराजाने लिहिलं आहे.

मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो. पानिपताचा विषय निघाला की दर दोन-तीन वर्षांनी एखादा मुलगा विचारतोच : “सर, पानिपतला आपण कोणाकडून होतो?” ‘आपण’ या शब्दावर मी थोडा अडखळतो. त्याला अब्दाली म्हणायचं असतं की इब्राहिमखान, हे त्यालाही नक्की माहीत नसतं. कदाचित बाहेर कोणीतरी त्याला हा प्रश्न वेगळ्या सुरात विचारलेला असतो. मी त्याला डाव्या बगलेची आकृती फळ्यावर काढून दाखवतो. इथे रोहिले, इथे गारदी, इथे गायकवाडांचे स्वार. आणि सांगतो की त्या मैदानावर इब्राहिमखानालाही हा प्रश्न दोन्हीकडून विचारला गेला होता. एकीकडे तो पगारी परका होता, दुसरीकडे धर्म सोडलेला.

पुढे या शब्दाचं जे झालं ते अजून वाईट. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. मारेकरी गारदी होते, त्यांचा म्होरक्या सुमेरसिंग. पहारा त्यांचाच होता, आणि इथेही सुरुवात थकलेल्या पगाराच्या तक्रारीनेच झाली. कट अर्थातच घरातला होता. पण मराठी माणसाच्या कानात ‘गारदी’ म्हटलं की वाड्यातून पळणारा कोवळा पेशवा आणि मागे तलवारी घेऊन धावणारे लोक, एवढंच उरलं. पानिपतावर पायी उभे राहिलेले हजारो त्या एका दिवसाखाली गाडले गेले. त्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत. बखरी सरदारांच्या घरांत लिहिल्या जात, आणि गारद्यांचं घर कुठे होतं?

एका माणसाने मात्र त्या दिवसाचा नीट विचार केला होता. महादजी शिंदे पानिपतावर होते, पायाला कायमची जखम घेऊन परतले. त्यांना रणातून वाचवलं राणेखान नावाच्या भिस्त्याने, पखालीच्या बैलावर घालून. महादजींनी पुढे त्याला भाऊ मानलं आणि तो त्यांच्या मोठ्या सेनापतींपैकी एक झाला. स्वतः पाठलागाचा अनुभव घेतलेल्या महादजींनी १७८४ पासून द बॉइन या सेनाधिकाऱ्याकडून कवायती पलटणी उभ्या करून घेतल्या. कवायत गारद्यांचीच होती. फरक पैशाच्या व्यवस्थेत होता. अलीगढच्या बाजूचा दुआबातला मुलूख या फौजेच्या खर्चासाठी तोडून दिला होता, त्यामुळे पगारासाठी कोणाच्या दारात जाऊन उभं राहायला नको. पगार वेळेवर. जखमी झाला तर जखमेच्या मानाने काही दिवसांचा ते काही महिन्यांचा जादा पगार, उपचार चालू असेपर्यंत कपात नाही. कायमचा अधू झाला तर निवृत्तिवेतन आणि वर जमीन.

म्हणजे चिलखताच्या दुरुस्तीचं बिल दौलतीने भरायचं ठरवलं. मग उभे राहणारे मिळाले. सप्टेंबर १७९० मध्ये मेडत्याला राठोडांच्या नावाजलेल्या घोडदळाने या पलटणींवर धडक मारली, तेव्हा त्यांनी चौकोन बांधला आणि तो फुटला नाही. पानिपतावर जो गोल शेवटपर्यंत टिकला नाही, तो तीस वर्षांनी टिकला. असं सांगताना मला माहीत आहे की पानिपतावर फौज उपाशी होती आणि मेडत्याला नव्हती. पण तीस वर्षांत मराठी मातीतला माणूस अचानक जास्त शूर झाला, असं तर कोणी म्हणणार नाही.

शेवटचा अंक आपल्या अंगणातला आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला जालना जिल्ह्यात केळणा आणि जुई नद्यांच्या संगमाजवळ असईला वेलस्लीशी लढाई झाली. महादजी जाऊन नऊ वर्षं झाली होती, गादीवर दौलतराव होते. शिंद्यांच्या नोकरीतले इंग्रज अधिकारी लढाईपूर्वीच सोडून गेले होते. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांचं प्रचंड घोडदळ बाजूला उभं राहिलं आणि फारसं न लढता निघून गेलं. पलटणी आणि गोलंदाज मात्र हलले नाहीत. तोफेजवळ मेल्यासारखे पडून राहिलेले गोलंदाज इंग्रजांची फळी पुढे गेल्यावर उठले आणि तोफा फिरवून मागून मारा करू लागले. वेलस्लीचे दीड हजारांहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले. ९८ तोफा त्याच्या हाती लागल्या. दोन महिन्यांनी, २९ नोव्हेंबरला, अकोला जिल्ह्यात तेल्हाऱ्याजवळच्या अडगावला पुन्हा गाठ पडली, आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. तिथे किल्लेदार बेनीसिंग आपल्या शिपायांसह दरवाजाजवळ लढता लढता मारला गेला.

वाशीमहून अडगावला जायला अकोला-अकोट मार्गे अर्धा दिवस लागतो. वाटेत सगळा कापूस, तूर आणि आता सोयाबीन. त्या शेतांमध्ये १८०३ साली कोण कुठे उभं होतं हे वेलस्लीच्या बाजूने तपशीलवार लिहिलेलं आहे, पलटणीनिहाय, अधिकाऱ्यांच्या नावांसह. आपल्या बाजूच्या पायदळाची हजेरीपटावरची नावं कुठल्या मोडी रुमालात बांधून पडली असतील तर ती पगाराच्या हिशेबातच असणार. ‘अमुक इसम, दरमहा इतके रुपये, बाकी इतकी’ अशा ओळीत.